शिक्का माझ्या कपाटात होता

"दाखला पायजे हुता," दारात उभा राहिलेला म्हातारा म्हणाला.

जुलैचा दुसरा आठवडा होता. दुपारचे तास संपले होते आणि भूगोल विभागात मी एकटीच पृथ्वीगोलावरची धूळ पुसत बसले होते. म्हाताऱ्याच्या डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, पायात टायरच्या वहाणा. हातात घडी घातलेला एक कागद होता आणि तो त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

"कुणाचा दाखला?"

"सुनंचा. जयमालाचा. तुमच्यात ती लवटे म्हनून हाय बगा."

मी फडकं खाली ठेवलं. जयमाला लवटे म्हणजे बी.ए. दुसऱ्या वर्षाला भूगोलात पहिली आलेली मुलगी. समोच्च रेषांचा नकाशा बघून डोंगराचा उतार बोटानं हवेत काढून दाखवायची. मे महिन्यात तिचं लग्न झालं होतं, इथून सत्तर किलोमीटरवर, चिंचघाटला. पत्रिका द्यायला आली तेव्हा मी विचारलं होतं, "आणि तिसरं वर्ष?" ती म्हणाली होती, "करणार मॅडम. तसं बोलूनच ठरलंय." मी तोंडानं शाबास म्हणाले आणि मनात म्हणाले, झालं हिचं. बोलून ठरलेली लग्नं मी पुष्कळ पाहिली होती.

"दाखला कशाला हवा, आजोबा?"

"तिकडच्या कॉलेजात घालतो की."

हे वाक्य मला पाठ होतं. दाखला मागायला येणारा प्रत्येक बाप, सासरा, दीर हेच म्हणायचा. तिकडच्या कॉलेजात घालतो. मग पोरगी तिकडे जायची आणि कॉलेज राहायचं बाजूला. माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांनी आमच्याच घरात चहा पिता पिता सांगितलं होतं, "आमच्या गावात कॉलेजं काय कमी आहेत?" ताईचं सासरचं घर कॉलेजच्या भिंतीला लागून होतं. तीस वर्षं तिनं त्या भिंतीवर गोधड्या वाळत घातल्या. आत कधी गेली नाही.

तर मी त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि नेहमीचं काम सुरू केलं.

आमची एक पद्धत होती. आमची कसली, माझीच. हिवरगावचं कॉलेज लहान, आणि मुली पहिल्या वर्षाला चाळीस असल्या तर तिसऱ्याला बारा उरायच्या. त्याच्या सहा-सात वर्षं आधी प्राचार्यांनी पालक-शिक्षक योजना काढली. प्रत्येकाला वीस विद्यार्थी वाटून दिले आणि सांगितलं, यातला एकही गळता कामा नये, सगळे तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडले पाहिजेत. त्या वर्षी मूल्यांकनाची समिती येणार होती, त्यामुळे त्यांना अचानक मुलींचा कळवळा आला होता. मला मात्र आधीपासून होता. म्हणून दाखल्याचा गोल शिक्का त्यांनी ऑफिसातून काढून माझ्याकडे दिला. पालक-शिक्षकाशी बोलणं झाल्याशिवाय दाखला मिळायचा नाही. शिक्का माझ्या लोखंडी कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, ही युक्ती. नाही म्हटलं की माणूस हट्टाला पेटतो, पुढाऱ्याची चिठ्ठी आणतो. त्याला गोड बोलून "पुढच्या आठवड्यात या" म्हणायचं. आज प्राचार्य नाहीत, उद्या कारकून रजेवर. दोन-तीन हेलपाटे झाले की माणूस कंटाळतो, शेतातली कामं निघतात, आणि पोरीचं नाव पटावर राहतं. मग हजेरी मी सांभाळायची, परीक्षेचा फॉर्म मी भरायचा, आणि मार्चमध्ये निरोप पाठवायचा की नाव आहे, फॉर्म आहे, आता पोरीला नुसतं बसायला पाठवा. एवढं आयतं मिळाल्यावर बहुतेक जण पाठवायचे. अशा सात मुली मी पदवीपर्यंत नेल्या होत्या. त्यातली एक ग्रामसेविका झाली आणि पेढे घेऊन आली. कुणी माझ्या पद्धतीला नावं ठेवली असती तर मी त्या पेढ्यांचा दाखला दिला असता.

"प्राचार्य बाहेरगावी आहेत, आजोबा. सही लागते. पुढच्या बुधवारी या."

"बुधवारी मिळंल न्हवं?"

"मिळेल की."

त्यानं कागद माझ्या टेबलावर ठेवला. जयमालाचा अर्ज होता, तिच्याच गोल अक्षरात. 'मी स्वखुशीने दाखल्याची मागणी करीत आहे.' मला हसू आलं. स्वखुशीने हा शब्द स्वखुशीनं लिहिलेला मी कधी पाहिला नव्हता.

तो बुधवारी आला. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघून, मध्ये गाडी बदलून, साडेअकराला दारात. मी म्हणाले, "कारकून आजारी आहेत." खरं म्हणजे बाबर भाऊसाहेब पलीकडच्या खोलीत सुपारी कातरत बसले होते.

म्हातारा उंबऱ्याशीच खाली बसला. पाणी मागितलं. गेजगे मामांनी, आमच्या शिपायांनी, तांब्या दिला.

"बाई, पोर लई हुशार हाय," पाणी पिऊन तो म्हणाला. "मला रोज पेपर वाचून दावती. पाऊस कुटनं येतो, कसा येतो, समदं सांगती. मी जल्मभर मेंढरं घिऊन पावसामागं फिरलो, पर ते मला ठावं नव्हतं."

"हो का?" मी म्हणाले. मला वाटलं, हा बेरकी दिसतोय. बाकीचे नुसते मागतात, हा आधी गोड करून घेतोय.

"मग इतकी हुशार आहे तर ठेवा ना इथेच नाव. मार्चमध्ये परीक्षेला पाठवा. बाकी मी बघते."

"हितं न्हाई जमायचं, बाई."

"का नाही जमायचं?"

तो घुटमळला. पटका सारखा केला. "तिकडंच बरं पडतंय," एवढंच म्हणाला.

माझ्या दृष्टीनं विषय संपला. ज्याच्याकडे खरं कारण असतं तो घुटमळत नाही, असं मी तेव्हा मानत होते. परक्या बाईसमोर सुनेची कुठली गोष्ट काढायला म्हातारा माणूस लाजतो, हे चाळिशी ओलांडलेल्या मला सुचू नये? पण मी शिकवणारी बाई होते. मला सगळं आधीच माहीत असायचं.

तिसऱ्या खेपेला ऑगस्टचा मध्य होता. मी सांगितलं की दाखल्याचं पुस्तक संपलंय, नवं छापायला टाकलंय. या वेळी तो बसला नाही. खाली मान घालून भरभर बोलला.

"बाई, आता सांगतोच. पोटुशी हाय ती. डाक्टरनं येष्टीत बसवू नगा म्हनलंय. फाल्गुनात दिवस भरत्यात, आन तुमची परीक्षा बी तवाच. तिकडं कॉलेज घरामागं हाय. दोन दिसाची बाळंतीन आसली तरी पाळन्यात पोर टाकून पेपर लिवून यील. तिथल्या थोरल्या सायबांशी आदीच बोलून आलो हुतो मी. त्यांनी लिवून दिलंय. त्या अर्जाच्या कागदामागं बगा की जरा."

"बघते, आजोबा. फाइलमध्ये ठेवते."

"महिनाअखेरपातूर मुदत हाय म्हनत्यात."

"होईल त्याच्या आत."

तो गेला. मी कागद उचलून फाइलला लावला. मागं बघितलं नाही. बाळंतपण हेही ठरलेलंच होतं. सातांतल्या तिघींच्या घरच्यांनी तेच सांगितलं होतं, आणि त्यातल्या एकीला तर मूल पुढं चार वर्षांनी झालं. मी मनात हिशेब केला की तीन हेलपाटे झाले, आता हा परत येत नाही.

तो एकतीस ऑगस्टला आला.

मी खिडकीतून त्याला फाटकातून आत येताना पाहिलं. डोक्यावर घोंगड्याची खोळ, हातात एक पिशवी. चिखलात सांभाळून पाय टाकत होता. मला त्याच्या चिकाटीचा राग आला. सुनेला घरात कोंडायला माणूस चार-चार खेपा घालतो! मी गेजगे मामांना म्हणाले, "मी नाही म्हणून सांगा," आणि कपाटाच्या मागे जाऊन उभी राहिले. त्रेचाळीस वर्षांची प्राध्यापिका, जगाच्या नकाशाच्या गुंडाळ्यांना टेकून लपलेली.

"म्याडम न्हाईत," मामा म्हणाले.

"कवा येतील?"

"आज न्हाई यायच्या."

 मग म्हातारा म्हणाला, "आज शेवटचा दीस हुता." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी बाहेर आले असते आणि भांडले असते. "ही वाळकं म्याडमला द्या. शेतातली हायती. पोरीनं सांगितलं हुतं, म्याडमला आवडत्यात."

तो गेल्यावर आम्ही स्टाफरूममध्ये ती वाळकं चिरली आणि तिखटमीठ लावून खाल्ली. बाबर भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, लाच पचवली तुम्ही!" सगळे हसले. मीही हसले. वाळकं गोड होती.

त्यानंतर कुणी आलं नाही. मी रोजच्या हजेरीत जयमालापुढे 'ह' लिहीत राहिले. डिसेंबरात परीक्षेचा फॉर्म भरला. सही करायची होती. तिचं गोल अक्षर मला जमायचं. मूल्यांकनाची समिती पुन्हा आली, चहा पिऊन, पट बघून गेली. जानेवारीतल्या संमेलनात प्राचार्यांनी मला व्यासपीठावर बोलावून आदर्श पालक-शिक्षक म्हणून प्रशस्तिपत्र दिलं. "वीसपैकी वीस!" ते माइकवर म्हणाले. "एकही गळती नाही!" टाळ्या पडल्या. फेब्रुवारीत मी चिंचघाटला कार्ड टाकलं की तुझं नाव आहे, फॉर्म भरलाय, परीक्षेला ये. उत्तर आलं नाही. सहा पेपरांना तिच्या बाकावर कुणी बसलं नाही. मी हळहळले आणि म्हणाले, शेवटी अडकवलीच त्यांनी पोरीला.

जूनमध्ये जयमाला आली.

खांद्यावर तीन महिन्यांचं मूल, डोक्यावरून पदर. आधी ओळखलंच नाही मी. मग उठून तिचा हात धरला. "आलीस! मला वाटलंच होतं. बस. घाबरू नकोस, नाव आहे तुझं अजून. मी कमी होऊ दिलं नाही."

ती बसली. मुलाला मांडीवर घेतलं.

"मॅडम, मला दाखला पाहिजे."

"आता कशाला दाखला? इथेच पुन्हा बस."

"तिकडच्या कॉलेजात जायचंय. ह्यांनी एक वर्ष दिलंय मला. लई मिनतवारीनं. एकच." ती हळू बोलत होती, वर्गात बोलायची तशीच. "मागच्या वर्षी बाबा येत होते ना तुमच्याकडं. माझे सासरे. मायाप्पा हाके."

"हो. येत होते."

"तिथल्या प्राचार्यांनी माझी जागा धरून ठेवली होती. बाबा जाऊन बसले होते त्यांच्या दारात. ते म्हणाले, एकतीस ऑगस्टपर्यंत दाखला आणा, मी घेतो. अर्जाच्या मागं लिहून दिलं होतं त्यांनी. फोन नंबर पण दिला होता, तुम्हाला खात्री करायची असली तर."

मी उठून फाइल काढली. अर्ज तिथेच होता. तो मी पहिल्यांदा उलटा केला. मागं निळ्या शाईत तीन ओळी, खाली सही आणि कॉलेजचा फोन नंबर. फोन माझ्या टेबलावर होता. वर्षभर माझ्या टेबलावरच होता.

"बाबा कुठे आहेत?" मी विचारलं.

"वारले. दिवाळीच्या आधी. झोपेतच गेले." माझ्या तोंडाकडे बघून ती घाईनं म्हणाली, "हेलपाट्यांनी नाही गेले, मॅडम. तसं काही मनाला लावून घेऊ नका. वय झालं होतं."

मूल कुरकुरलं. तिनं त्याला थोपटलं.

"घरात त्यांना एकट्यालाच वाटत होतं मी शिकावं म्हणून. सासूबाई म्हणायच्या, ती कॉलेजातली बाईच देत नाही, म्हणजे तिला पण पटत नसंल, तुमचंच काय चाललंय म्हातारपणी. ते म्हणायचे, न्हाई, बाई चांगली हाय, काम लई आसतंय तिला." ती थांबली. "शेवटच्या दिवशी रिकामे आले तेव्हा जेवले नाहीत. मला म्हणाले, पुढल्या साली मी आदीच जातो, आखाडातच."



"मग दाखला द्या ना, मॅडम. दुसरं वर्ष पास असा. ह्या वर्षी मुदतीच्या आधी आलेय मी."

दुसरं वर्ष पास.  मग सांगावंच लागलं.

"जयमाला, दाखल्यावर तिसरं वर्ष येईल. अनुत्तीर्ण."

"पण मी परीक्षाच दिली नाही."

"फॉर्म भरलेला होता. फेब्रुवारीत कार्ड टाकलं होतं मी. गैरहजर राहिलं की नापासच धरतात. सहाही विषयांत."

"कार्ड माझ्या हातात आलंच नाही. फॉर्म कुणी भरला?"

पलीकडच्या खोलीत भाऊसाहेबांचा अडकित्ता वाजत होता. मी म्हणाले, "मी."

तिला समजायला थोडा वेळ लागला. हुशार मुलगी, पण असलं काही समजायला कुणालाही वेळ लागतो.

"तिथले सर म्हणाले होते, नापासाला तिसऱ्या वर्षाला घेता येत नाही," ती म्हणाली. "ज्या कॉलेजात नापास, तिथंच बसायला लागतं."

"हो. नियम आहे तो. पण तू इथे बस ना! मार्चमध्ये महिनाभर माझ्या घरी राहा. बाळाला घेऊन ये. मी रजा काढते, मी सांभाळते त्याला. तुझा सगळा अभ्यास—"

"मॅडम." तिनं मला वर्गात कधी अडवलं नव्हतं. "महिनाभर परगावी राहायला कोण सोडणार मला? बाबा असते तर स्वतः घेऊन आले असते."

मी तरी बोलत राहिले. तिच्या नवऱ्याला भेटते म्हणाले, प्राचार्यांना सांगते म्हणाले, विद्यापीठात जाऊन फॉर्म मी भरला होता असं लिहून देते म्हणाले. शेवटचं म्हणताना माझा आवाज खाली आला. लिहून दिलं असतं तर नोकरी गेली असती, आणि ते आम्हा दोघींनाही कळत होतं. मी लिहून दिलं नाही. हे सगळं आज सांगतेय ते निवृत्त झाल्यावर, पेन्शन सुरू झाल्यावर, एवढंही सांगून टाकते.

"द्या तसाच," ती म्हणाली. "नापासाचा तर नापासाचा. कागद घरात राहील. परत कुणाला यायला नको."

मी पर्समधून किल्ली काढली. कपाट उघडलं, नकाशांच्या गुंडाळ्या बाजूला केल्या, शिक्का आणि शाईची डबी काढली. भाऊसाहेबांकडून दाखल्याचं पुस्तक आणलं. ते कधीच संपलेलं नव्हतं; प्राचार्यांच्या सह्याही त्यात आधीच केलेल्या होत्या. नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख. प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. निकाल: अनुत्तीर्ण. मग 'महाविद्यालय सोडण्याचे कारण' हा रकाना आला. तिथं एकच वाक्य लिहायची पद्धत आहे, कुणाचाही दाखला असो. हात सवयीनं लिहून गेला: पालकांच्या विनंतीवरून.

जयमालानं कागद हातात घेऊन सावकाश वाचला. त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे खरं लिहिलंत," ती म्हणाली.

तिनं वाकून नमस्कार केला. मी मागे सरले, पण तिनं केलाच; तसं वळण होतं तिला. मग मूल खांद्यावर घेऊन, पदर सारखा करून ती फाटकाकडे गेली. दुपारची गाडी तिला मिळणार होती.

मी शिक्का पुसला. समोरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. कपाट उघडल्यापासून शिक्क्यापर्यंत सगळं मिळून सात मिनिटं लागली होती.